जुन्या ब्रॉयलर शेडमध्ये पन्नास टर्की : प्रकल्प नोंदी

26 मे 2024

काकांनी कंपनीचा करार सोडल्यापासून त्यांचं ब्रॉयलरचं शेड रिकामं पडून होतं. त्याच्या विहिरीकडच्या टोकाला जाळी मारून तीस बाय वीस फुटांची जागा मी वेगळी करून घेतली. खालचा जुना थर खरवडून काढला, फ्लेमगन फिरवली, भिंतींना आणि जमिनीला चुना मारला. गाव सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून मायणीकडे जाताना लागतं. पाऊस बेताचा, ऊन भरपूर आणि रात्री माळावरून वारं सुटतं.

टर्कीची जात कोणती घ्यायची यातच बराच वेळ गेला. रुंद छातीची पांढरी जात झपाट्याने वाढते, पण तिचा नर इतका जड होतो की त्याला मादीवर नीट चढताच येत नाही. कृत्रिम रेतन करावं लागतं, म्हणजे आपल्यासारख्याने दरवर्षी पिल्लं विकतच आणायची. मला घरच्या अंड्यांतून पुढची पिढी काढायची आहे. म्हणून जुन्या वळणाची, काळी आणि ब्रॉन्झ पिल्लं ठरवली. ही सावकाश भरतात, मांसाला यायला 26 ते 28 आठवडे घेतात. नाताळापासून उलटं मोजत आलं की पिल्लू जूनच्या पहिल्या आठवड्यात शेडमध्ये हवं.

एक अट मीच मला घालून घेतली आहे. "मोठे झाले की आम्हीच परत घेऊ" म्हणणाऱ्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत. असंच सांगून फसवलेल्या 2019 च्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात पैसे अडकलेली माणसं आमच्या पाहुण्यारावळ्यांत आहेत. गिऱ्हाईक आपलं आपण शोधायचं.

8 जून

पिल्लं आली. पन्नास मागवली होती, एक दिवसाची, 180 रुपयांना एक. गाडीभाडं 1,100 वेगळं. खोक्यात तीन मेलेली निघाली. हाती 47.

काकांनी त्यांच्या पद्धतीने ब्रुडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची सोय, लावून दिलं. पत्र्याचा गोल चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कडं, तळाला भाताचं तूस, वर वर्तमानपत्र, मधोमध बल्बांची छत्री. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीला 35 अंश आणि मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. हे कोंबडीसारखंच. काका तर म्हणाले, "मोठी कोंबडीच की ही, त्यात काय." पुढचे आठ महिने हे वाक्य मला वेगवेगळ्या प्रकारे महागात पडलं.

10 जून

पिल्लं मरतायत. आजारी दिसत नाहीत, हगवण नाही, थंडी नाही. नुसती उभी राहतात, चिवचिवतात आणि संध्याकाळी आडवी पडतात. एक मेलेलं चिरून पाहिलं. पोटात दाणा नाही, फक्त तुसाची टरफलं.

ब्रॉयलरचं पिल्लू खोक्यातून ओतलं की पाच मिनिटांत भांड्याला लागतं. टर्कीच्या पिल्लाला खाणं आणि पाणी कुठे आहे हे उमगतच नाही. अंगातला बलक दोन-तीन दिवस पुरतो, तोवर ते शिकलं नाही तर भरल्या भांड्यापाशी उपाशी मरतं. नजर अधू आणि चकाकत्या वस्तूवर चोच मारायची सवय, त्यामुळे खाद्याऐवजी तूस गिळतं.

आज केलेले बदल :

एकेकाला धरून चोच पाण्यात बुडवली, मग खाद्यात. पाण्याच्या भांड्यात पोरांच्या रंगीत गोट्या टाकल्या. गोटीवर चोच मारायला जातं आणि पाणी पिऊन येतं. उकडलेलं अंडं कुस्करून, त्यात कांद्याची पात अगदी बारीक चिरून, खाद्यावर भुरभुरवली. हिरव्यावर झडप घालतात, हे खरं आहे. दहा पिल्लांना रोज एक अंडं धरलंय. पाण्यात लिटरला शंभर मिली दूध, पण ते दुपारनंतर नासतं म्हणून फक्त सकाळच्या पाण्यात.

वर्तमानपत्र काढून टाकलं. गुळगुळीत कागदावर दोन पिल्लांचे पाय फाकले होते. त्यातल्या एकाचे पाय लोकरीच्या धाग्याने सैल बांधल्यावर सुधारले, दुसऱ्याचे नाही. आता तुसावर गोणपाट अंथरलंय. पाय घसरत नाही आणि तूसही तोंडात जात नाही.

13 जून

मर थांबली. परवापर्यंत आठ गेली, राहिली 39.

थांबली ती माझ्या अंड्या-गोट्यांनी की काकूमुळे, हे सांगता येत नाही. काकू शेडमध्ये आली, बघितलं आणि म्हणाली, "अरे, ह्यांना आई नाही, शिकवणार कोण?" तिच्या गावरान कोंबडीखालची तीन पिल्लं पदरात घालून आणली आणि चिकगार्डमध्ये सोडली. ती टकाटका खायला लागली तशी टर्कीची पोरं मागून रांगेत. तासाभरात भांड्याभोवती गर्दी.

हा उपाय फार लोक सांगतात आणि तो चालतो. तरी कुणी करणार असेल तर सप्टेंबरची नोंद आधी वाचावी.

19 जून

रात्री लाईट गेली. पावसाळी वारं होतं. सकाळी पाहिलं तर पिल्लं एका बाजूला ढिगाने पडलेली, खालची तीन चेंगरून मेलेली. 36.

चिकगार्ड गोल होता, पण एक पत्रा आत दबून कोपरा तयार झाला होता. ढीग त्याच कोपऱ्यात. पत्रा नीट केला आणि काकांची जुनी कोळशाची बुखारी बाहेर काढली. लाईट गेली की ती पेटवायची. पडदे मात्र वरून वीतभर उघडे ठेवायचे, नाहीतर कोळशाच्या धुराने सगळीच जातील. आता रात्री मी शेडमध्येच झोपतो. बायको म्हणते तुमचंही ब्रुडिंग चाललंय.

24 जून

ही नोंद खाद्याची. बाकी काही वाचलं नाही तरी हरकत नाही, एवढी वाचा.

टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे खाद्यात 28 टक्के प्रोटीन लागतं. आपल्याकडे दुकानात टर्कीचं खाद्य मिळत नाही. ब्रॉयलरचं प्रीस्टार्टर, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाद्य, 22-23 टक्क्यांचं असतं. मी साधा हिशोब केला होता : तीन भाग प्रीस्टार्टर, एक भाग सोयापेंड, म्हणजे 28 च्या जवळ. दुकानदारानेही मान डोलावली.

राणीखेतची लस द्यायला डॉक्टर आले होते. त्यांनी पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचली आणि पोतं बाजूला ठेवायला लावलं. चिठ्ठीवर सॅलिनोमायसिन होतं. कोंबडीला रक्ती हगवण लागू नये म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यात ते सर्रास घालतात, आणि कोंबडीला ते चालतं. टर्कीला ते विष आहे. पाय लुळे पडतात, श्वास लागतो, पक्षी मरतो. नॅरासिनचंही तेच. वाढलेल्या पक्ष्याला तर आणखी जोरात बाधतं, म्हणजे पिल्लांनी काढलं म्हणून मोठे काढतील असं नाही.

माझ्या पिल्लांना तोवर काही झालेलं दिसलं नाही. सोयापेंड मिसळल्यामुळे औषधाचं प्रमाण कमी झालं होतं, त्याचाही हात असेल. पण नशिबावर पक्षी पाळता येत नाहीत. विट्यात लेअरवाले, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे, पुष्कळ, त्यांच्यातल्या एका ओळखीच्याकडे मिक्सर आहे. त्यांच्याकडे स्वतःचं खाद्य करून घेतलं. शंभर किलोचा हिशोब असा : मका 40, सोयापेंड 46, सुकटाची कुटी 9 आणि उरलेल्या 5 मध्ये डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, व्हिटॅमिन-मिनरलचं प्रीमिक्स, मेथिओनिन, लायसिन आणि थोडं यीस्ट. यीस्ट नायासिन या जीवनसत्त्वासाठी. टर्कीला ते कोंबडीपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं की ढोपरं सुजतात. सुकटात मीठ असतंच, म्हणून वेगळं मीठ अजिबात घातलं नाही. खर्च किलोला 43 रुपये.

रक्ती हगवण दिसलीच तर पाण्यातून अँप्रोलियम देता येतं, ते टर्कीला चालतं. बाकी भर खालची तुसाची गादी कोरडी ठेवण्यावर.

14 जुलै

कोंबड्यांच्या देवीची लस पंखाच्या पडद्यात टोचून घेतली. विहिरीकडे डास फार, आणि देवी डासांमार्फतही पसरते. सात ते दहा दिवसांनी टोचलेल्या जागी खपली धरली की लस लागली समजायचं. बहुतेकांना धरली.

झड लागल्याने पाण्याच्या भांड्यांभोवतीचं तूस ओलं होतंय. रोज तेवढं काढून नवीन टाकतो, बाकीचं दाताळ्याने खालीवर करतो. प्रोटीन 26 वर आणलं. मका वाढवला, पेंड कमी केली.

18 ऑगस्ट

दहा आठवडे झाले. पिल्लं राहिली नाहीत, लांब मानेची अवखळ पोरं झालीत. दिवसा बाहेर सोडतो. लसूणघास, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे दिसेल ते ओरबाडतात. तांदुळजा तर मुळासकट. खाद्य वाचतंय, पण लोक सांगतात तेवढं नाही.

संध्याकाळी मोजले तर अकरा गायब. शोधून दमलो आणि वर पाहिलं. पाच शेडच्या पत्र्यावर, सहा कडुलिंबावर. जड पांढरी टर्की जमिनीवर बसते, ही जुन्या वळणाची झाडावर झोपते. कुणी काही शिकवलं नसताना हे मात्र बरोबर येतं.

21 ऑगस्ट

कडुलिंबावरून पहाटे उतरताना दोन कुंपणाबाहेर पडल्या आणि गावच्या कुत्र्यांनी फाडल्या. 34.

आता असं केलंय. प्रत्येकाच्या एकाच पंखाची लांब पिसं कापली. दोन्ही कापले तर समतोल राहतो आणि पक्षी थोडाफार उडतोच. कुंपणाची जाळी सहा फुटांपर्यंत नेली. शेडच्या आत बाभळीच्या गोल दांड्या लावल्या, मनगटाएवढ्या जाड, अडीच फुटांवर, सगळ्या एकाच उंचीला. आधी शिडीसारख्या चढत्या लावल्या होत्या, तर वरच्या दांडीसाठी रोज रात्री मारामारी. उंच दांडीवरून जड नर धपकन उतरला की पायही दुखावतात.

जाळी, दांड्या, खिळे, दार मिळून 7,200. हे सुरुवातीलाच केलं असतं तरी तेवढेच लागले असते, दोन पक्षी वाचले असते.

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. आज सकाळी एक मादी मान खाली घालून, पंख सोडून कोपऱ्यात उभी. दुपारी आणखी दोन. विष्ठा पिवळीजर्द, गंधकाच्या रंगाची. डॉक्टर सणाला गावी. फोनवर एकच प्रश्न विचारला, "गावरान कोंबड्या फिरतात का तिथं?"

फिरतात. काकूच्या बारा-चौदा कोंबड्या कुंपणाच्या दारातून रोज येतात, टर्कीचं सांडलेलं खातात, उकिरडा उकरतात, संध्याकाळी परत जातात. मला ते बरंच वाटत होतं, सांडलेलं वाया जात नाही म्हणून.

11 सप्टेंबर

चार मेले. डॉक्टरांनी एक चिरून दाखवला. काळजावर, म्हणजे यकृतावर, नाण्याएवढे गोल खड्डे, कडा उठलेल्या, मधे पिवळट. आतड्याच्या शेवटच्या दोन आंधळ्या पिशव्या फुगून आत चिजासारखा घट्ट गोळा. ब्लॅकहेड. नाव काही असो, माझ्या एकाही पक्ष्याचं डोकं काळं पडलं नव्हतं. त्या खुणेची वाट बघू नका, विष्ठेचा रंग बघा.

हा रोग एका सूक्ष्म परजीवीचा, हिस्टोमोनास. तो कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांत बसून बाहेर पडतो. ती अंडी जमिनीत कितीतरी महिने, वर्षं टिकतात. गांडुळं ती पोटात घेऊन फिरतात, आणि पावसात गांडुळं वर आली की टर्की ती मिटक्या मारत खाते. कोंबडीला यातलं फारसं काही बाधत नाही, ती ठणठणीत राहून रोग वाटत हिंडते. टर्कीच्या कळपात शिरला की मात्र अर्धा कळपही जातो. मांसाच्या पक्ष्याला बिनधास्त द्यावं असं औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आजारी वेगळे काढा, कळप दुसऱ्या जमिनीवर न्या, सगळ्यांना जंताचं औषध द्या, कोंबड्यांना धरून.

जूनमध्ये चिकगार्डमध्ये सोडलेल्या तीन पिल्लांचा यात हात होता का, हे विचारलं. इतक्या उशिरा निघालं म्हणजे बहुधा जमीनच, असं त्यांचं मत. माझं मतही तेच, पण पुढच्या वेळी मी गोट्या आणि कांद्याच्या पातीवरच भागवीन.

15 सप्टेंबर

एकूण सात गेले. राहिले 27. कळप आता बांधापलीकडच्या खडकाळ पट्ट्यात हलवलाय. तिथे कोंबडी कधी गेलेली नाही, उकिरडा नाही, पाणी साचत नाही. शेडमधली सगळी गादी काढून लांबच्या रानात टाकली. रात्रीसाठी नवं तूस. शेडला जायचे गमबूट वेगळे, दारात चुन्याची पाटी.

घरात मात्र गरम होतं. मी म्हणालो कोंबड्या कोंडून ठेवू. काकू म्हणाली, "माझ्या कोंबड्या तू शाळेत होतास तेव्हापासून ह्या अंगणात आहेत. तुझे पाहुणे हलव." तिचं बरोबर आहे. अंड्यांचे पैसे तिचे, स्वतःचे आहेत, आणि ते कुणी विचारत नाही म्हणूनच ती कोंबड्या ठेवते. टर्कीच हलल्या. जंताचं औषध तिच्या कोंबड्यांना तिनेच पाजलं, मला हात लावू दिला नाही.

ज्यांच्या दारात गावरान कोंबड्या आहेत त्यांनी टर्कीची जागा आधी ठरवावी आणि मग पिल्लं मागवावीत. एकाच अंगणात दोन्ही होत नाहीत.

20 ऑक्टोबर

14 नर, 13 माद्या. नरांच्या चोचीवरची सोंड लोंबायला लागली, गळ्यावर गाठी आल्या. डोकं क्षणात निळं, क्षणात लाल. सकाळी पिसारा फुलवून पंख जमिनीवर घासत खर्र-खर्र चालतात. बघायला गावातली पोरं जमतात.

मारामारीही सुरू. एक दुसऱ्याची सोंड चोचीत धरून ओढतो, ती फाटते, रक्त दिसलं की बाकीचे तुटून पडतात. जखमेवर हळद-खोबरेल लावून वेगळं ठेवतो, सुकल्याशिवाय कळपात नाही. खाद्याची भांडी तीनवरून सहा केली, एकमेकांना दिसणार नाहीत अशी लांब ठेवली, तशी भांडणं निम्म्यावर आली.

प्रोटीन 19 वर. खाद्य आता किलोला 37 पडतं. वजनं : नर साडेचार ते पाच, माद्या तीन. ब्रॉयलरची सवय असलेल्या काकांना हे बघवत नाही. "साडेचार महिने खाऊन पाच किलो?" असं दर रविवारी विचारतात. सोयापेंडीचं बिल भरताना मलाही तसंच वाटतं.

17 नोव्हेंबर

नाताळच्या आधी एकदा हात बसावा म्हणून एक नर कापला. विट्यातल्या चिकन सेंटरच्या भाईंना बोलावलं. त्यांचा कापायचा कोन, म्हणजे पक्षी उलटा अडकवायचं नरसाळं, टर्कीच्या खांद्यापर्यंतच आला, म्हणून निळ्या पिंपाचा तुकडा कापून मोठा कोन केला. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू.

पिसांसाठी पाणी 60 ते 63 अंश. भाईंनी सवयीने हात घालून "झालं" म्हटलं, ते जास्त होतं, मांडीची कातडी पिसांबरोबर निघाली. थर्मामीटर वापरा. शेपटीची आणि पंखांची पिसं पकडीने काढावी लागली. काळ्या पक्ष्याचं पीस निघालं तरी मुळाशी शाईसारखा काळा ठिपका उरतो. मोठ्या धंद्यात पांढरी टर्कीच का, ते त्या एका कातडीवर दिसलं.

पायात आणखी एक गंमत. नडगीतल्या शिरा वयाबरोबर हाडासारख्या कडक होतात, तंगडी खाताना काड्या लागतात. पाय कापायच्या आधी सांध्याजवळ कातडी चिरून त्या एकेक ओढून काढता येतात. जोर लागतो, दोघं लागतात.

त्याच दुपारी काकूने गावरान कोंबड्यासारखा कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला. कुकरच्या सात शिट्ट्या, तरी मांस रबर. अर्धा पक्षी फ्रीजमध्ये होता, तो दोन दिवसांनी केला आणि मऊ निघाला. कापल्यावर मांस ताठरतं, ते सैल व्हायला टर्कीसारख्या मोठ्या पक्ष्याला किमान एक दिवस-रात्र गारव्यात ठेवावंच लागतं. अळणी, म्हणजे मसाला न घातलेलं मांसाच्या उकडीचं पाणी, मात्र दोन्ही वेळा अप्रतिम. घरातल्या आण्णांनी तीन वाट्या प्यायली, बाजरीची भाकरी बाजूलाच राहिली.

23 नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल. सकाळी दहापासून फटाके. दिवाळीत पडदे सोडून, शेडमध्ये बसून निभावलं होतं, आज मी विट्यात. परत आलो तर सगळे एका कोपऱ्यात चेपलेले. कुणी मेलं नाही, कारण सप्टेंबरनंतर कोपऱ्यांत तिरके पत्रे लावून ठेवलेत. शांत झाल्यावर दुसरा प्रकार सुरू झाला. गावात एक आवाज झाला की इकडून तेरा नर एकदम ओरडतात. कुणाची मिरवणूक कुठवर आली ते शेडमध्ये बसून कळत होतं.

8 डिसेंबर

विक्रीचं. मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळे ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यांपासून आहेत. एका मित्राच्या ओळखीने तिथे विचारलं. सहा जणांनी मागितली, सहाही जणांना मादीच हवी, तीन किलोपर्यंतची, कारण घरचा ओव्हन तेवढाच. महाबळेश्वरच्या एका हॉटेलने आठ नर घ्यायचं कबूल केलं. त्यांच्या शेफने फोटो बघून पहिलं विचारलं, "हे काळे डाग कसले?" समजावून सांगितलं. किलोला 550 वर आले. घरच्या गिऱ्हाइकांना 650.

दर साफ केलेल्या मांसावर ठरवा, जिवंत वजनावर नको. जिवंतावर ठरवलं की गिऱ्हाईक पिसांचे आणि आतड्यांचे पैसे मनात वजा करून घासाघीस करतं.

22 डिसेंबर

काल-आज मिळून अठरा कापले. बारा महिन्यांचा जोडीदार असावा तसे भाई आता सराईत झालेत. नर सरासरी 6.4 किलो जिवंत, साफ करून 4.9. माद्या 3.9 जिवंत, साफ 3. पुढच्या पिढीसाठी दोन नर आणि सहा माद्या राखल्या. निवडताना वजन बघितलं, पण त्याहून पाय बघितले. सरळ पाय, सरळ छातीचं हाड, आणि सप्टेंबरमध्ये एकदाही न गळपटलेले.

अडचण थंडाव्याची. पाच किलोचा पक्षी घरच्या फ्रीजच्या कप्प्यात मावत नाही. दोन पिंपांत बर्फाच्या लाद्या फोडून, त्यात पाणी घालून पक्षी बुडवले. थर्मामीटरने चार अंश झाल्यावर पिशव्यांत. मग पुन्हा बर्फात, दुसऱ्या दिवशी पोच. शनिवार-रविवार बर्फवाल्याकडे गर्दी असते, आधी सांगून ठेवावं लागलं.

एक मादी काकूला दिली. तिने ती मागितली नव्हती, पण नाहीही म्हणाली नाही.

5 जानेवारी 2025

हिशोब.

पिल्लं आणि भाडं 10,100. खाद्य सुमारे 740 किलो, 28,900. जाळी वगैरे 7,200. लसी, औषधं, डॉक्टर 2,300. लाईट आणि कोळसा 1,500. बर्फ, पिशव्या, गाडी, भाईंची मजुरी 2,400. एकूण 52,400.

आले : हॉटेलचे 39.2 किलोचे 21,560. मिरजेच्या सहा माद्या आणि ओळखीत तुकडे करून विकलेले तीन नर मिळून 32.7 किलोचे 21,255. एकूण 42,815.

तोटा 9,585. माझी मजुरी धरलेली नाही, शेडचं भाडं काकांनी घेतलं नाही. शिल्लक आठ पक्षी आणि जाळी. मेलेले 23 पक्षी नुसते 180 रुपयांचे नसतात, सप्टेंबरमध्ये गेलेल्या प्रत्येकाने तोवर पाच-सहा किलो खाद्य खाल्लं होतं. तेवीसऐवजी दहा मेले असते तर हा आकडा उलटा झाला असता. काका हिशोब वाचून म्हणाले, "कंपनीत मला पहिल्या बॅचला याहून जास्त बसला होता." दिलासा होता की टोमणा, ठरवलेलं नाही.

16 फेब्रुवारी

माद्या अंडी घालायला लागल्या. दुपारनंतर घालतात, त्यामुळे सकाळी गोळा करायची कोंबडीवाल्यांची सवय मोडावी लागली. अंडं तपकिरी ठिपक्यांचं, एका बाजूला जास्तच निमुळतं. नराच्या नख्यांनी दोन माद्यांच्या पाठी सोलल्या गेल्या, नख्या कानशीने बोथट केल्या आणि त्या माद्यांच्या पाठीवर जुन्या जीनचे तुकडे पट्ट्याने बांधले.

अंडी गारव्यात, निमुळतं टोक खाली, आठवड्याच्या आत उबवायला लावायची. उबायला 28 दिवस. काकू म्हणते तिची खुडूक कोंबडी तयार आहे, आठ अंडी सहज घेईल. नको म्हणालो. लेअरवाल्या मित्राचं छोटं इनक्युबेटर महिनाभरासाठी आणतोय, शुक्रवारी वीस अंडी लावणार. इन्व्हर्टरची बॅटरी त्याआधी बदलून घ्यायची आहे.